तीन मिलिमीटरचा हिशेब

जपानमध्ये १९९७ च्या सुमारास एक आंबट दुधाचं पेय बाजारात आलं. ज्यांचा रक्तदाब थोडा वरच्या बाजूला असतो त्यांच्यासाठी हे पेय योग्य आहे, असं बाटलीवर छापायची सरकारी परवानगी त्याला मिळाली होती. दाव्याचा सगळा भार होता दुधातल्या केसीन या प्रथिनाच्या दोन इवल्याशा तुकड्यांवर. दोन्ही तुकडे प्रत्येकी फक्त तीन अमिनो आम्लांचे. पुढे युरोपातही हेच तुकडे घातलेली उत्पादनं आली आणि त्यांच्यासाठी तसाच दावा करण्याची परवानगी मागण्यात आली. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या तज्ज्ञांनी सगळे पुरावे तपासले आणि कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही, असं उत्तर दिलं. रेणू तेच, निकाल मात्र उलटे.

अन्नातल्या पेप्टाइडांनी रक्तदाब उतरतो का, या प्रश्नाचा आढावा घेताना हा तिढा मला सर्वांत मोलाचा वाटतो. दूध, मासे, अंडी, सोयाबीन, तांदूळ, तीळ, समुद्री शेवाळ अशा जवळपास प्रत्येक प्रथिनयुक्त पदार्थात रक्तदाब उतरवणारं काहीतरी सापडल्याचे शोधनिबंध चार-साडेचार दशकं निघत आहेत. त्यातलं परीक्षानळीत काय सिद्ध झालं, उंदरांत काय टिकलं आणि माणसापर्यंत येईतो काय उरलं, हे वेगवेगळं मोजावं लागतं. ते न मोजताच ‘नैसर्गिक बीपी-नियंत्रक’ म्हणून डबे विकले जातात, आणि ते वाचून कुणीतरी आपली गोळी बंद करतं. हा लेख लिहिण्यामागचं खरं कारण ते आहे.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक माळ. ती तुटली की दोन, तीन, दहा, वीस मण्यांचे तुकडे होतात, ती पेप्टाइडं. अखंड प्रथिनात असेपर्यंत हे तुकडे निष्क्रिय असतात. पोटातल्या पाचकरसांनी, विरजणातल्या जिवाणूंनी किंवा कारखान्यात मुद्दाम घातलेल्या एन्झाइमांनी ती माळ तोडली, तरच ते मोकळे होतात. मोकळे झालेले बहुतेक तुकडे शरीर पुढे पचवून टाकतं आणि सुटी अमिनो आम्लं वापरतं. काही मोजके तुकडे मात्र पचण्याआधी एखादं काम करून जातात. रक्तदाबाच्या बाबतीत ते काम कोणतं, हे समजायला आधी शरीरातली एक साखळी पाहावी लागेल.

रक्तदाब घसरला किंवा मूत्रपिंडाकडे रक्त कमी पोहोचलं, की मूत्रपिंड रेनिन नावाचं एन्झाइम सोडतं. त्याचा शोध जुना आहे. स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेत रॉबर्ट टिगरस्टेट आणि पेर बेर्गमन यांनी सशाच्या मूत्रपिंडाच्या अर्कानं रक्तदाब वाढतो, हे १८९८ मध्ये दाखवलं होतं. यकृतात तयार झालेल्या एका मोठ्या प्रथिनातून रेनिन दहा अमिनो आम्लांचा तुकडा कापून काढतं. हा अँजिओटेन्सिन-१, तो स्वतः फारसं काही करत नाही. दुसरं एक एन्झाइम त्याच्या शेपटाकडची दोन अमिनो आम्लं उडवतं आणि आठ अमिनो आम्लांचा अँजिओटेन्सिन-२ तयार होतो. तो रक्तवाहिन्या आवळतो आणि अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाच्या मार्फत शरीरात मीठ-पाणी धरून ठेवायला लावतो. दाब चढतो. हे शेपूट कापणारं एन्झाइम म्हणजे अँजिओटेन्सिन कन्व्हर्टिंग एन्झाइम, डॉक्टरांच्या बोलण्यातलं ‘एसीई’. लिओनार्ड स्केग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते १९५६ मध्ये क्लीव्हलंडला शोधलं. रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या ब्रॅडिकायनिन या पेप्टाइडालाही हेच एन्झाइम तोडतं. म्हणजे एसीईला अडवलं तर आवळणारं कमी होतं आणि सैल करणारं टिकून राहतं. एकाच ठिकाणी हात घातल्यानं दोन्हीकडून फायदा.

एसीईला अडवणारं पहिलं रसायन सापडलं ते सापाच्या विषात. ब्राझीलमधल्या जराराका या विषारी सापाचं विष रक्तात मिसळलं की ब्रॅडिकायनिन मोकळं होतं, हे मॉरिसिओ रोशा ए सिल्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये साओ पावलोत दाखवलं. त्यांच्याच परंपरेतले सेर्जिओ फेरेरा यांना १९६५ मध्ये त्या विषात ब्रॅडिकायनिनचा परिणाम वाढवणारा घटक सापडला. तो घेऊन ते लंडनला जॉन व्हेन यांच्या प्रयोगशाळेत गेले. हा घटक एसीईलाच थांबवतो, हे तिथे वाय. एस. बखले यांनी कुत्र्याच्या फुप्फुसाच्या अर्कावर काम करून उलगडलं. त्यांचा निबंध १९६८ चा. रक्तदाबाच्या औषधांच्या इतिहासात या टप्प्यावर मराठी कानाला ओळखीचं वाटणारं हे आडनाव भेटतं, आणि ते आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

पुढचं काम अमेरिकेतल्या स्क्विब कंपनीत मिगेल ओंडेट्टी आणि डेव्हिड कुशमन यांनी केलं. विषातून मिळालेलं नऊ अमिनो आम्लांचं टेप्रोटाइड रक्तदाब चांगलं उतरवत होतं. अडचण एवढीच, की ते टोचून द्यावं लागे. तोंडानं घेतलं तर आतड्यात निकामी होई. म्हणून त्यांनी त्या रेणूच्या शेपटाचा अभ्यास करून एक लहान, पचनात न मोडणारा रेणू घडवला. तो कॅप्टोप्रिल. अमेरिकेत त्याला १९८१ मध्ये परवानगी मिळाली. एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, रॅमिप्रिल या गोळ्या त्याच घराण्यातल्या.

टेप्रोटाइडची शेवटची तीन अमिनो आम्लं होती आयसोल्युसीन, प्रोलीन, प्रोलीन. जपानी आंबट दुधातल्या दोन तुकड्यांपैकी एक हुबेहूब हाच आहे. दुसऱ्यात आयसोल्युसीनच्या जागी व्हॅलीन येतं, एवढाच फरक. शास्त्रीय साहित्यात त्यांना आयपीपी आणि व्हीपीपी म्हणतात. ब्राझीलच्या सापाच्या विषाचं शेपूट गाईच्या दुधाच्या प्रथिनात दडलेलं असावं, हा योगायोग थक्क करणारा आहे. पण त्यामागे रसायनशास्त्राचं साधं कारण आहे. एसीईच्या खोबणीत जस्ताचा अणू असतो आणि शेपटाला प्रोलीन किंवा वलयाकार बाजू असलेली अमिनो आम्लं असली की पेप्टाइड तिथे घट्ट बसतं. माणसाच्या एसीईची त्रिमितीय रचना रामनाथन नटेश, रवी आचार्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केल्यावर ही खोबण प्रत्यक्ष पाहता आली. केसीनमध्ये प्रोलीन भरपूर असतं. गाईच्या बीटा-केसीनमधल्या २०९ अमिनो आम्लांपैकी ३५ प्रोलीन आहेत. साहजिकच त्याचे तुकडे केले की एसीईला अडवणारे काही हाती लागतात.

अन्नाकडे पहिली नजर वळली ती जपानमध्येच. जिलेटिनवर जिवाणूंचं एन्झाइम सोडलं तर मिळणारी पेप्टाइडं एसीईला थोपवतात, असं ओशिमा आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये दाखवलं. ट्रिप्सिननं पचवलेल्या केसीनमधून मारुयामा आणि सुझुकी यांनी १९८२ मध्ये बारा अमिनो आम्लांचं एक पेप्टाइड वेगळं केलं. मग आली कॅल्पिस ही कंपनी. तिचे संस्थापक कैऊन मिशिमा यांनी मंगोलियात आंबवलेलं दूध चाखलं होतं आणि त्यातून सुचलेलं पेय १९१९ मध्ये जपानमध्ये आणलं होतं. या कंपनीच्या संशोधकांनी लॅक्टोबॅसिलस हेल्वेटिकस हा जिवाणू आणि यीस्ट वापरून आंबवलेल्या दुधातून आयपीपी आणि व्हीपीपी वेगळे केले. तो निबंध १९९५ चा. हेल्वेटिकस हा स्वित्झर्लंडच्या एमेंटाल चीजमधला जुना रहिवासी. दुधातली प्रथिनं तोडण्यात तो इतर विरजणी जिवाणूंपेक्षा फार पुढे आहे. आणि एकदा मोकळी झालेली ही प्रोलीनवाली पेप्टाइडं पाचकरसांना सहजी दाद देत नाहीत, त्यामुळे आतड्यापर्यंत तगतात.

दुधाबाहेरही खूप काही सापडलं. जपानी स्वयंपाकातली सुकवलेली बोनिटो मासळी, म्हणजे कात्सुओबुशी, हिच्यातून मिळालेलं पाच अमिनो आम्लांचं एक पेप्टाइड स्वतः बेताचंच काम करतं. एसीई त्यालाच कापायला जातं आणि त्यातून तीन अमिनो आम्लांचा जो तुकडा निघतो तो मूळ पेप्टाइडाच्या आठपट जोरदार असतो. शत्रूच्याच हातून हत्यार तयार व्हावं, अशी ही सुरेख रचना मासाआकी योशिकावा यांच्या गटानं १९९९ मध्ये मांडली. सार्डिनमधलं दोन अमिनो आम्लांचं व्हॅलील-टायरोसीन, तिळातली आणि वाकामे शेवाळातली पेप्टाइडं, कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात जियानपिंग वू यांनी अंड्याच्या पांढऱ्यातून काढलेलं तीन अमिनो आम्लांचं पेप्टाइड अशी यादी लांबत जाते. चंडीगडच्या सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेत गजेंद्रपाल सिंह राघव यांच्या गटानं २०१५ मध्ये रक्तदाबविरोधी पेप्टाइडांचा जो माहितीसंच प्रसिद्ध केला त्यात जवळपास सहा हजार नोंदी होत्या. संख्येनं दिपून जाऊ नये. यांतल्या बहुतेकांची माहिती परीक्षानळीपाशी थांबते.

परीक्षानळीनंतरचा मुक्काम उंदीर. क्योटोत ओकामोतो आणि आओकी यांनी १९६३ मध्ये आपोआप उच्च रक्तदाब होणाऱ्या उंदरांचा वंश तयार केला आणि तेव्हापासून रक्तदाबाचं जवळजवळ प्रत्येक औषध त्यांच्यावर तपासलं गेलं. आंबट दुधातली पेप्टाइडं या उंदरांना पाजली की काही तासांत दाब उतरतो. ज्यांचा दाब मुळात ठीक आहे अशा उंदरांत काही होत नाही. ही दुसरी गोष्ट आश्वासक होती, कारण दाब गरजेपेक्षा खाली जाण्याची भीती त्यामुळे कमी झाली. पण हा वंश मुद्दाम उच्च रक्तदाब होण्यासाठीच घडवलेला आहे. त्यातल्या यशावरून माणसाबद्दल फार बोलता येत नाही.

आता या विषयातली खरी अडचण. एखादं पेप्टाइड एसीईचं काम निम्म्यावर आणायला किती प्रमाणात लागतं, हे प्रयोगशाळेत मोजतात. आयपीपीला लिटरमागे सुमारे पाच मायक्रोमोल लागतात, व्हीपीपीला नऊ. कॅप्टोप्रिलला ०.०२ च्या आसपास. म्हणजे गोळीपेक्षा ही पेप्टाइडं काही शे पटींनी दुबळी. तेवढंच असतं तरी चाललं असतं. औषधाइतका जोर अन्नाकडून कुणी मागत नाही. पण माणसांना आयपीपी पाजून नंतर त्यांच्या रक्तात ते मोजलं तेव्हा लिटरमागे एक नॅनोमोलदेखील भरलं नाही. एसीई निम्म्यावर आणायला जेवढं हवं त्याच्या पाच हजाराव्या भागाहूनही कमी. या हिशेबानं रक्तातलं एसीई अडवून दाब उतरवणं या पेप्टाइडांना जमायला नको. २००८ च्या एका डच चाचणीत हे प्रत्यक्ष तपासलंही. पेप्टाइडं घेणाऱ्यांच्या रक्तात एसीईचं काम घटलेलं दिसलं नाही.

तरी दाब उतरल्याच्या नोंदी आहेत. मग ते घडतं कसं? संशोधकांनी तीन-चार वाटा सुचवल्या आहेत. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड जास्त सुटतं आणि वाहिनी सैलावते, ही त्यातली मला सर्वांत पटण्याजोगी वाटणारी वाट. वाहिन्यांचं अस्तर सुधारल्याचे पुरावे काही छोट्या मानवी चाचण्यांतही आले आहेत. दुसरी वाट अशी, की पेप्टाइडं रक्तात शिरतच नाहीत, आतड्याच्या भिंतीवरच्या ग्राही रेणूंना (रिसेप्टरना) चेतवतात आणि तिथून संप्रेरकांचा किंवा चेतातंतूंचा निरोप पुढे जातो. अंड्यातल्या पेप्टाइडाबाबत तिसरी वाट पुढे आली: एसीईचं भावंड असलेलं आणि उलट दिशेनं काम करणारं एसीई-२ वाढवणं. यांतली कोणतीही वाट माणसात पक्की सिद्ध झालेली नाही. वर्षानुवर्षं पाकिटांवर ‘एसीई-रोधक’ छापलं जातंय, त्याच स्पष्टीकरणाचा पाया सर्वांत कच्चा निघावा, हे वाचकानं लक्षात ठेवलं पाहिजे.

माणसांवरच्या चाचण्यांचा इतिहास उत्साहानं सुरू होतो आणि हळूहळू शांत होत जातो. हाता आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत काही वयस्कर जपानी रुग्णांना रोज ९५ मिलिलिटर आंबट दूध आठ आठवडे दिलं. त्यातले बहुतेक आधीपासून गोळ्या घेत होते. रक्तदाबाचा वरचा आकडा पाऱ्याच्या १४ मिलिमीटरनं उतरला. एवढा उतार एखाद्या पूर्ण मात्रेतल्या औषधालाही नेहमी साधत नाही. फिनलंडमध्ये २००३ मध्ये ३९ जणांना २१ आठवडे तसंच आंबवलेलं दूध दिलं गेलं. प्लासिबोशी तुलना करता वरच्या आकड्यात ६.७ आणि खालच्यात ३.६ मिलिमीटरचा फरक पडला. मग नेदरलंड्समध्ये १३५ जणांवर चाचणी झाली, तीच २००८ ची. ही पेप्टाइडं आंबवलेल्या दुधातून दिली, एन्झाइमनं तयार करून दिली आणि रासायनिक रीतीनं बनवूनही दिली. आठ आठवड्यांनंतर कुठल्याच गटात काही फरक नाही. पेप्टाइड बनवायची पद्धत चुकली असेल, या शंकेला त्या चाचणीनं बरंचसं उत्तर दिलं.

अशा सगळ्या चाचण्या एकत्र करून केलेली विश्लेषणंही तीच कहाणी सांगतात. कॉक्रेन संस्थेनं २०१२ मध्ये आंबवलेल्या दुधावरच्या १५ चाचण्या एकत्र तपासल्या. वरचा आकडा सरासरी २.४५ मिलिमीटरनं कमी, खालच्यात म्हणावा असा फरक नाही आणि बऱ्याच चाचण्यांची रचना कमकुवत, असा त्यांचा निष्कर्ष. आयपीपी-व्हीपीपीच्या तीस चाचण्यांचं २०१५ चं विश्लेषण वरच्या आकड्यात २.९५ आणि खालच्यात १.५१ मिलिमीटर घट दाखवतं. आणि एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. बोलोन्याच्या आरिगो चिचेरो यांच्या गटानं २०११ मध्ये आशियाई आणि युरोपीय सहभागी वेगळे केले तेव्हा पहिल्यांत जवळपास सात मिलिमीटर घट निघाली, दुसऱ्यांत जेमतेम एक.

हा फरक का? याचं उत्तर मिळालं तर सुरुवातीचा तिढाही सुटेल. एक तर्क जनुकांचा. एसीईच्या जनुकाचे प्रकार वेगवेगळ्या लोकसमूहांत वेगवेगळ्या प्रमाणात असतात. दुसरा आहाराचा. जपानी जेवणात मीठ बरंच आणि दूध कमी. युरोपीय माणूस रोज चीज खातो आणि जुन्या मुरलेल्या चीजमध्ये हीच पेप्टाइडं आधीच असतात. मग वरून थोडी आणखी दिल्यानं काय व्हायचं? तिसरं कारण बोलायला कुणाला आवडत नाही, पण मला ते टाळता येत नाही. सुरुवातीच्या बऱ्याच चाचण्या लहान होत्या, उत्पादक कंपन्यांच्या पैशानं झाल्या होत्या आणि त्यांत दाब दवाखान्यात मोजला होता. दवाखान्यातला एकच आकडा माणसाच्या भीतीनं, घाईनं, नुसत्या सवयीनंही वरखाली होतो. चोवीस तास दंडाला पट्टा बांधून मोजलं की हे खोटे चढउतार गळून पडतात आणि परिणाम आक्रसतो. शिवाय छोट्या चाचणीत परिणाम दिसला तर निबंध छापून येतो, नाही दिसला तर तो टेबलाच्या खणात राहतो. जपानी आणि युरोपीय अंतरातला मोठा हिस्सा या तिसऱ्या कारणाचा आहे, असं माझं मत आहे. सगळाच हिस्सा त्याचा नसावा. आहाराच्या तर्कात जीव आहे.

एकूण मूल्यमापन असं पडतं: परिणाम खरा असण्याची शक्यता बरीच, तो सरासरीनं दोन-तीन मिलिमीटरचा, आणि रक्तदाब ज्यांचा आधीच वाढलेला आहे त्यांच्यात जास्त. युरोपीय तज्ज्ञांनी दावा नाकारला तो बरोबर केला. पाकिटावर छापलेलं वाक्य प्रत्येक विकत घेणाऱ्याला उद्देशून असतं आणि तेवढा भरवसा या पुराव्यांतून मिळत नाही.

तीन मिलिमीटर म्हणजे किती, हे कुणासाठी विचारतो त्यावर अवलंबून आहे. दहा लाख लोकांच्या माहितीवर आधारलेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणाचा अंदाज असा, की मध्यमवयात वरचा आकडा फक्त दोन मिलिमीटरनं कमी असला तर पक्षाघाताचे मृत्यू सुमारे दहा टक्क्यांनी आणि हृदयविकाराचे सुमारे सात टक्क्यांनी कमी होतात. पूर्ण लोकसंख्येचा दाब एवढा खाली आणता आला तर ती फार मोठी कामगिरी ठरेल. पण ज्याचा आकडा १६० आहे त्याला तीन मिलिमीटरनं १५७ वर नेणं म्हणजे काहीच केलं नाही. त्याला गोळी हवी, आणि एक पुरली नाही तर दोन.

भारतात थोडा वाढलेला दाब असणारे आणि गोळीच हवी असणारे, असे दोन्ही प्रकारचे लोक प्रचंड संख्येनं आहेत. आयसीएमआरच्या ‘इंडिअ‍ॅब’ पाहणीच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार देशातल्या ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात सुरुवातीच्या जिल्ह्यांत महाराष्ट्रातले भंडारा, वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्ग होते. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत ठरलेल्या क्रमानं अ‍ॅम्लोडिपीन, टेल्मिसार्टन अशा गोळ्या मोफत मिळतात. इथे अडचण औषध नसल्याची नसते. महिना-दोन महिन्यांनी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून गोळी सोडली जाते, ही असते. अशा माणसाच्या हाती ‘दुधातल्या नैसर्गिक पेप्टाइडांचा’ डबा पडला तर काय होईल, हे सांगायला डॉक्टर असावं लागत नाही.

मग घरचं दही-ताक? त्यात ही पेप्टाइडं असू शकतात, पण किती ते सांगता येत नाही. आपल्या विरजणात कोणते जिवाणू आहेत ते घराघरांत आणि ऋतूऋतूत बदलतं. हेल्वेटिकस त्यात असेलच असं नाही, आणि रात्रभर लावलेल्या दह्यात प्रथिनं फारशी तुटतही नाहीत. जपानी पेयाच्या एका बाटलीत दोन्ही पेप्टाइडं मिळून साडेतीन मिलिग्रॅमच्या आसपास असतात, आणि त्यासाठी जिवाणूचा वाण आणि आंबवण्याची वेळ काटेकोर जपतात. ताक प्यावं ते चवीसाठी, पचनासाठी, कॅल्शियम-पोटॅशियमसाठी. मात्र त्यात जिरेपूड-कोथिंबिरीबरोबर अर्धा लहान चमचा मीठ पडलं तर ते अडीच-तीन ग्रॅम झालं. जागतिक आरोग्य संघटनेनं दिवसभरासाठी सुचवलेली मर्यादाच पाच ग्रॅमपेक्षा कमी आहे. पेप्टाइडांनी दिलं असतं त्याहून कितीतरी जास्त ते मीठ काढून घेतं. आपल्या ताटातलं लोणचं, पापड, फरसाण, सुकी मासळी यांचंही तेच.

दुधाच्या बाजूनं बोलणारा एक भक्कम पुरावा आहे, पण तो पेप्टाइडांच्या नावावर जमा करता येत नाही. अमेरिकेतल्या ‘डॅश’ चाचणीत (१९९७) भरपूर फळं-भाज्या दिल्यावर उच्च रक्तदाबाच्या लोकांचा वरचा आकडा सुमारे सातनं उतरला. त्यात कमी स्निग्धांशाचे दुग्धजन्य पदार्थ वाढवले आणि एकूण स्निग्ध कमी केलं तेव्हा तो ११.४ नं उतरला. यात दुधातल्या कॅल्शियमचा वाटा किती, पेप्टाइडांचा किती, स्निग्ध घटल्याचा किती, हे वेगळं काढता येत नाही. मिठाच्या बाजूचा पुरावा तर याहून ठसठशीत आहे. चीनमधल्या ६०० गावांत जवळपास २१ हजार लोकांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नेहमीच्या मिठातला काही भाग पोटॅशियम क्लोराइडनं बदलला. पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले. तिथे दाबाच्या आकड्यावर न थांबता प्रत्यक्ष झटके मोजले. पेप्टाइडांच्या कुठल्याही चाचणीनं आजवर तिथपर्यंत मजल मारलेली नाही. (असं मीठ मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आणि ‘-प्रिल’ किंवा ‘-सार्टन’ घराण्यातली गोळी घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये, रक्तातलं पोटॅशियम धोकादायक पातळीला जाऊ शकतं.)

सुरक्षिततेबाबत पेप्टाइडांचं पारडं चांगलं आहे. एसीई अडवणाऱ्या गोळ्यांनी काहींना सुका खोकला लागतो. पेप्टाइडांच्या चाचण्यांत तशी मोठी तक्रार आली नाही. मात्र ज्या कारणानं ती निर्धोक आहेत त्याच कारणानं ती दुबळी आहेत, हेही मानायला हवं. दुधाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना केसीनची उत्पादनं चालत नाहीत. आणि गरोदरपणात एसीई अडवणारी औषधं बाळाला घातक ठरतात म्हणून वर्ज्य असतात. त्या काळात ‘एसीई-रोधक’ म्हणून विकलं जाणारं कुठलंही पूरक स्वतःच्या मनानं घेऊ नये.

आपल्याकडे कर्नालची राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्था, आणंदचं दुग्धविज्ञान महाविद्यालय अशा ठिकाणी आंबवलेल्या दुधातल्या पेप्टाइडांवर काम चालू आहे. गाईखेरीज म्हैस, शेळी, उंटीण यांच्या दुधातूनही तुकडे वेगळे होताहेत. संगणकावर ते एसीईच्या खोबणीत बसवून पाहिले जाताहेत. हे काम मी कमी लेखत नाही. पण सहा हजार नोंदींत आणखी पाचशेंची भर पडल्यानं भंडाऱ्याच्या आरोग्य केंद्रातल्या रुग्णाला काही मिळत नाही. भारतीय माणूस मीठ जास्त खातो, मुरलेलं चीज जवळजवळ खात नाही आणि त्याच्या जेवणातलं दूध बहुधा चहा-दह्यातून येतं. आहाराचा तर्क खरा असेल तर परिणाम दिसायला हवा तो इथेच, आणि इथे दिसला नाही तर तो तर्कही निकालात निघेल. त्यासाठी एकच नीट चाचणी पुरेशी आहे. किमान काही शे लोक, ज्यांना अ‍ॅम्लोडिपीन चालू आहे आणि तरी वरचा आकडा १४० च्या पलीकडे आहे. एका गटाला ठरलेल्या जिवाणूनं आंबवलेलं, पेप्टाइडं मोजून घेतलेलं बिनमिठाचं ताक. दुसऱ्याला चवीला तसंच पण पेप्टाइडं नसलेलं, आणि कुणाला कोणतं मिळतंय हे ना रुग्णाला ठाऊक, ना आशाताईंना, ना डॉक्टरांना. सुरुवातीला आणि शेवटी चोवीस तासांचा दाब, लघवीतलं सोडियम. मुदत सहा महिने. पैसा दूध संघाचा किंवा पूरकांच्या कंपनीचा नको, सरकारी असावा. निकाल काहीही आला तरी तो छापायचा, हे आधीच नोंदवून ठेवायचं.